नजीकवडाचेमळीपावेतो

मोडी लिपीचा तक्ता मी पंधरा दिवसांत पाठ केलेला. बाराखडी, जोडाक्षरं, सगळं. रंकाळ्यावर फिरायला येणाऱ्या दोस्तांची नावं वहीत मोडीत लिहून द्यायचो आणि जरा भाव खायचो. मग एका रविवारी क्लासमध्ये सरांनी पहिला खरा कागद हातात दिला, झेरॉक्सच, जमिनीच्या कुठल्यातरी भांडणाचा, आणि आमची बोलती बंद.

तक्त्यात अक्षरं सुटी सुटी उभी असतात ओ. इथं लिहिणाऱ्यानं आधी पानभर आडवी रेघ ओढलीय, मग तिच्याखाली बोरू शक्यतो न उचलता अक्षरं लटकवत गेलाय. दोन शब्दांत जागा नाही, पूर्णविराम नाही, ह्रस्व-दीर्घाचा तर विषयच नाही. पाचव्या ओळीत मी गचकलो. अक्षरं लावली तर "नजीकवडाचेमळीपावेतो" असं काहीतरी निघालं. मला त्यात कवडा दिसला. कवडा म्हणजे पाखरू, मग ही "कवडाची मळी" कुठली? नदीकाठच्या मळ्या आपल्याकडं पुष्कळ, असेल एखादी म्हणून करवीर तालुक्याचा नकाशा काढून बसलो. आधीचा "नजी" कुणीतरी माणूस असणार असंही ठरवून टाकलं. तीन आठवडे ह्यात गेले.

सरांना विचारलं तर म्हणाले, "चहा घ्या आणि पुढं वाचा." राग आला खरं सांगायचं तर, अर्ध्या मिनिटाचं काम होतं त्यांचं.

पुढं वाचत गेलो. नवव्या ओळीत "नजीकविहीर" आलं आणि मी एस्टीतच मोठ्यानं "आयला!" म्हणालो, शेजारच्या मावशी दचकल्या. नजीक. वडाचे. मळीपावेतो, म्हणजे मळीपर्यंत. पाखरू उडालं, वड उरला. पण तोवर त्या तीन आठवड्यांत पाचवी ओळ सोडवायच्या नादात सदरहू, बिन (म्हणजे अमक्याचा मुलगा), पावेतो हे सगळे शब्द इतक्यांदा डोळ्यांखालनं गेलेले की आता अक्षर न जुळवताच, ओळखीच्या माणसाची चाल लांबनं कळावी तसे कळायला लागलेत. हे तक्त्यानं झालं नव्हतं, आणि सरांनी तेव्हाच सांगितलं असतं तर मला फक्त एक वड मिळाला असता.

भाची म्हणते, मामा फोटो काढून मोबाईललाच विचारायचं की. विचारावं, घाईचं काम असेल तर मीही विचारीन.

सध्या तारखेवर अडकलोय. "खमस सबैन मया व अलफ". अरबी आकडे, तेही उलटे: पाच, सत्तर, शंभर, हजार, म्हणजे शुहूर सन ११७५, जुन्या कागदांतली कालगणना. इसवी सन काढायला त्यात ५९९ मिळवायचे की ६०० हे महिन्यावर, कारण हे साल मृगाला बदलतं. १७७४ की १७७५? महिन्याच्या जागीच नेमका झेरॉक्सचा काळा डाग आहे. सरांना विचारलेलं नाही.