मारुतीच्या गुडघ्याला पाणी, दिवा पायाशीच

"दादा, मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागलं, अन् तुमचा दिवा अजून पायाशीच?"

सराफ बाजाराकडून गोदाघाटाकडे उतरणाऱ्या बोळाच्या तोंडाशी बसणाऱ्या फुलवाल्या मावशींनी हे विचारलं, तेव्हा पावणेपाच वाजले होते. गंगापूर धरणातून विसर्ग वाढवल्याच्या सूचना ध्वनिक्षेपकावरून चालू होत्या आणि घाटाजवळचे दुकानदार खालच्या फळीवरचा माल वर चढवत होते. नदीची पातळी दाखवणारा आमचा प्रकाशस्तंभ मात्र दीड तासापूर्वीच्या उंचीवर शांतपणे निळा तेवत होता.

गोदापात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती ही नाशिकची पूरमोजणीची पट्टी आहे, हे इथे कुणाला सांगावं लागत नाही. पाणी पायाला, गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याला, एवढं ऐकलं की कुठल्या गल्लीत काय होणार ते जुन्या नाशिककरांना कळतं. त्याच्यावरची खूण म्हणजे नारोशंकर मंदिराची घंटा. १९६९, २००८, २०१६, २०१९ हे पूर लोक क्युसेकमध्ये नाही, या खुणांमध्ये आठवतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८.३ लिटर पाणी. होळकर पुलाखालून किती हजार क्युसेक वाहतंय हे बातमीत येतं, पण त्या आकड्यावरून फळी रिकामी करायची की नाही, हे ठरवता येत नाही. मारुतीवरून ठरवता येतं.

आमची कलाकृती या मारुतीवरच उभी होती. बोळाच्या तोंडाशी, जिथून नदी दिसत नाही, तिथे ४ मीटर उंचीचा एक उभा दिवा. नदी जेवढी चढेल तेवढाच दिवा चढायचा, प्रमाण एकास एक. शेजारी पत्र्यात कापलेल्या खाचा होत्या : पाय, गुडघा, कंबर, छाती, गळा. आकडा कुठेच नव्हता. हेलसिंकीत २००८ साली 'न्यूआज व्हेर' या कलाकृतीत वीजकेंद्राच्या धुरांड्यातून निघणाऱ्या वाफेवर हिरव्या लेझरने आकार काढला होता आणि शहराचा वीजवापर कमी-जास्त होईल तसा तो बदलायचा. तिथे न दिसणाऱ्या गोष्टीला नवा आकार शोधावा लागला. नाशिकला तो आधीपासूनच होता, आम्हाला तो फक्त दोन वळणं पलीकडे न्यायचा होता.

दिव्याचं काम सोपं होतं. मीटरला ६० एलईडींची १२ व्होल्टची डब्ल्यूएस २८१५ पट्टी, एकूण २४० एलईडी. म्हणजे एक एलईडी साधारण १.७ सेंटिमीटर पाणी. या पट्टीत डेटाची जादा तार असते, त्यामुळे एखादा एलईडी मेला तरी पुढचे चालू राहतात. वीज दोन्ही टोकांना दिली, नाहीतर वरच्या टोकाला पांढरा रंग पिवळट पडतो. दिवा चालवणाऱ्या ईएसपी ३२ या छोट्या नियंत्रक बोर्डाचा सिग्नल ३.३ व्होल्टचा, पट्टीला ५ चा लागतो, म्हणून मध्ये सिग्नल ५ व्होल्टवर नेणारी ७४ एचसीटी २४५ ही चिप. दुधी ॲक्रिलिक पट्टीपासून निदान दोन एलईडींमधल्या अंतराइतकं लांब हवं; आम्ही २५ मिलिमीटर ठेवलं, ठिपके विरघळले. केबल ग्लँड, म्हणजे केबल आत घेणारी घट्ट बुचं, खोक्याच्या खालच्या बाजूला, आणि आत शिरण्याआधी केबलला खाली झोका. पावसाचं पाणी तारेवरून ओघळत येतं, ते झोक्याच्या तळाशी ठिबकतं, खोक्यात जात नाही. पुरवठ्याला ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच. रस्त्यावर, पावसात, लोक हात लावणार अशा ठिकाणी त्याच्याशिवाय काही उभं करूच नये.

खरी मेहनत सेन्सरची. घाटाच्या उंच भिंतीवरून ५० मिलिमीटरच्या गॅल्व्हनाइज्ड चौकोनी पाइपचा हात नदीवर काढला आणि टोकाला वॉटरप्रूफ अल्ट्रासॉनिक सेन्सर खाली तोंड करून बसवला. आवाज जातो, पाण्यावर आपटून परत येतो, लागलेल्या वेळावरून अंतर. सेन्सरच्या आवाजाचा शंकू १५ अंशांचा, म्हणजे ५ मीटर खाली जवळजवळ १.३ मीटर व्यासाचं वर्तुळ. भिंतीच्या पायाशी पायऱ्या पुढे येतात, त्यांची कड या वर्तुळात आली की सेन्सर पाणी सोडून पायरी मोजतो. पहिला हात ९० सेंटिमीटरचा होता. पाणी उतरलं की आकडा एका जागी खिळायचा, कारण ती पायरीची उंची होती. शेवटी १.६ मीटरचा हात केला आणि तो वाकू नये म्हणून वरून तिरपी सळई दिली. सेन्सर जरासा जरी कलला तरी प्रतिध्वनी भलतीकडे जातो.

दुसरी चूक तापमानाची. हवेतला आवाजाचा वेग २० अंशांना सेकंदाला ३४३ मीटर, आणि दर अंशाला तो साधारण ०.६ मीटरने वाढतो. आमचा तापमापक सर्किटच्या खोक्यात होता. जूनमध्ये उन्हात खोकं ४४ अंशांवर, पाण्यावरची हवा २९ वर. सॉफ्टवेअर ४४ चा वेग धरून गुणाकार करत होतं आणि ५ मीटरला १३ सेंटिमीटर जास्त अंतर दाखवत होतं, म्हणजे नदी १३ सेंटिमीटर खाली. तापमापक बाहेर काढून हाताच्या खालच्या बाजूला, पांढऱ्या जाळीदार डब्यात लावला तेव्हा फरक २ सेंटिमीटरच्या आत आला.

मारुतीची उंची सेन्सरपर्यंत आणायला लेझर नाही वापरला. गवंड्याची लेव्हल ट्यूब वापरली. पारदर्शक नळीत पाणी भरायचं, बुडबुडे काढून टाकायचे, एक टोक मारुतीच्या गुडघ्याशी, दुसरं भिंतीशी. दोन्हीकडचं पाणी एकाच पातळीत. काम करणाऱ्या काकांनी बुडबुड्यासाठी तीन वेळा नळी रिकामी करायला लावली आणि ते बरोबरच होतं, कारण एक बुडबुडा अडकला तर दोन्ही टोकं जुळत नाहीत.

सेन्सर दर १० सेकंदांनी १५ मोजण्यांचा मध्यक काढून लोरा या कमी विजेत लांब पोचणाऱ्या रेडिओवर, ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, बोळातल्या दिव्याला पाठवायचा. तार टाकली नाही, पुरात घाटावरची तार टिकत नाही.

आता मावशींच्या प्रश्नाकडे. पहिला संशय साहजिकच सेन्सरवर गेला, निर्माल्य किंवा पाणवेली खाली आली असेल म्हणून. पण तरंगती वस्तू पाणी जास्त दाखवते, कमी नाही. घाटावर उतरणं शक्य नव्हतं आणि उतरायचंही नव्हतं. सहकारी भिंतीवरून, कमरेला दोरी बांधून, पाइपच्या हाताच्या टोकाजवळून टेपला ओळंबा बांधून सोडत होता. प्रवाह ओळंबा ओढून नेतो, म्हणून ओळंबा पाण्याला टेकतो न टेकतो तोच आकडा वाचायचा, पाच वेळा. सेन्सरपासून पाण्यापर्यंत सरासरी ४.५६ मीटर. मी दिव्यापाशी लॅपटॉप उघडून नोंदी पाहत होतो. दिवा ४.९४ धरून बसला होता. ३८ सेंटिमीटरचा फरक.

आणि त्याच नोंदींमध्ये, शेवटच्या ओळीत, नुकतीच आलेली मोजणी होती ४.५७. तिच्यापुढे आमच्याच सॉफ्टवेअरने शेरा मारला होता : नाकारली. तिच्या वरची नाकारली. त्याच्याही वरची. ४ वाजल्यापासून जवळजवळ २७० ओळी. सेन्सर पाऊण तास खरं सांगत होता आणि दिवा ऐकत नव्हता.

३ वाजून १० मिनिटांनी त्या भागातली वीज गेली होती. दिवा इन्व्हर्टरवर होता, तो तेवत राहिला. सेन्सरला बॅटरी नव्हती, तो बंद पडला. ४ वाजता वीज आली, सेन्सर जागा झाला आणि त्याने पहिली मोजणी पाठवली ती ४.६९. तोवर नदी २५ सेंटिमीटर चढली होती. दिव्यात मात्र एक गाळणी होती : आधीच्या मान्य मोजणीपेक्षा ८ सेंटिमीटरहून जास्त फरक आला तर ती मोजणी चुकीची धरून टाकून द्यायची. ही गाळणी लावण्यामागचा हिशेब चुकीचा वाटत नव्हता. नदी १० सेकंदांत ८ सेंटिमीटर चढत नाही. बगळा सेन्सरखालून गेला, पोरांनी उडी मारली, फांदी वाहत गेली, की दिवा दचकायचा आणि ते डोळ्याला खुपायचं. गाळणीने दिवा संथ झाला, पाण्यासारखा. पण '१० सेकंदांत' हे आमच्या डोक्यात होतं, सॉफ्टवेअरमध्ये नव्हतं. त्याला दोन मोजण्यांमध्ये १० सेकंद गेले की ५० मिनिटं, हे ठाऊकच नव्हतं. मान्य मोजणी जुनीच राहिली, पाणी चढत गेलं, म्हणून प्रत्येक नवी मोजणी आधीच्यापेक्षा आणखी दूर, आणखी नक्की नाकारण्याजोगी.

दिव्याखाली 'ही कलाकृती आहे, पूरसूचना नाही' अशी पाटी होती. मला त्या दिवशी पटलं की अशा पाटीला काही अर्थ नसतो. बोळातले दोन दुकानदार त्या दिव्याकडे पाहून 'अजून वेळ आहे' म्हणत होते. ज्या शहराला मूर्तीच्या अंगावर पाणी वाचायची सवय आहे, तिथे पाणी दाखवणारी उभी रेघ ही सूचनाच असते. मी आधी दिवा पूर्ण बंद केला आणि दुकानांत जाऊन सांगितलं की दिवा चुकला होता, पाणी गुडघ्यावर आहे. दुरुस्ती त्यानंतर.

तीन बदल केले, बोळातल्या एका ओसरीवर बसून, ४० मिनिटांत. पहिला, मुभा वेळेला बांधली : ८ सेंटिमीटर, अधिक शेवटच्या मान्य मोजणीपासून गेलेल्या प्रत्येक मिनिटाला २ सेंटिमीटर. ५० मिनिटांचा खंड पडला तर १०८ सेंटिमीटरची मुभा. दुसरा, सलग १२ नाकारलेल्या मोजण्या एकमेकींशी ३ सेंटिमीटरच्या आत जुळल्या तर त्याच खऱ्या मानायच्या. फांदी सेन्सरखाली अडकून राहिली तर हा नियम फसेल, पण तेव्हा दिवा पाणी जास्त दाखवेल. चूक व्हायचीच असेल तर त्या बाजूला व्हावी.

तिसऱ्यावर आमचा वाद झाला. ९० सेकंद मोजणीच आली नाही तर दिव्याने काय करायचं? सहकाऱ्याचं म्हणणं, शेवटची पातळी मंद करून दाखवावी, अंधार वाईट दिसतो. माझं म्हणणं, मंद असली तरी ती पातळीच वाचली जाईल. शेवटी स्तंभ पूर्ण काळा आणि फक्त पायाशी एक पिवळा ठिपका, दर ३ सेकंदांनी उघडझाप. वीज आहे, माहिती नाही, एवढंच त्याने सांगायचं. सहा वाजता लॅपटॉपवरून सेन्सर मुद्दाम तोडून पाहिला. ठिपका लुकलुकला. परत जोडला, दिवा सरळ गुडघ्याच्या खाचेच्या वर जाऊन थांबला.

सेन्सरला बॅटरी दुसऱ्या दिवशी दिली : १२ व्होल्ट, ७ ॲम्पिअर-अवर. सेन्सर आणि रेडिओ मिळून सरासरी ६० मिलिॲम्पिअर खातात, म्हणजे हिशेबाने शंभराहून जास्त तास. भिजट हवा आणि जुनी होत जाणारी बॅटरी धरून मी निम्मेच मोजतो.

पाणी ओसरल्यावर मारुतीच्या मांडीवर गाळाची रेघ राहिली होती. वाळण्याआधी लेव्हल ट्यूब लावून ती भिंतीपर्यंत आणली आणि नोंदींमधल्या सर्वांत वरच्या पातळीशी ताडून पाहिली. रेघ ४ सेंटिमीटर वर निघाली. लाटांमुळे गाळ थोडा वर चढतो, पण सगळा फरक लाटांचा नव्हता : तिरप्या सळईचा नट सैल होऊन लोखंडी हात कलला होता. नट पुन्हा आवळला आणि त्यावर दुसरा लॉकनट चढवला.

मावशी फुलांची पाटी घेऊन परत बसल्या तेव्हा दिवा पायाच्या खाचेखाली होता. त्यांनी आधी बोळातून खाली जाऊन मारुती पाहिला, मग दिवा.

"आज जुळतंय," त्या म्हणाल्या. तेव्हापासून रोज सकाळी आमच्या वहीत त्यांची एक नोंद असते : जुळलं किंवा नाही जुळलं, आणि मारुतीच्या अंगावर पाणी कुठे होतं.