पुरात भिजलेल्या कॅसेटी आणि रॉबर्ट प्लांट

2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली आणि गावभागातल्या तळमजल्यांवरचं सामान गाळात गेलं. पाणी ओसरल्यावर माझ्याकडे दुरुस्तीला लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटी आल्या, भजनाच्या टेपा आल्या. त्यात एक खोकं वेगळं होतं. एका निवृत्त प्राध्यापक काकांनी ऐंशीच्या दशकात एलपीवरून भरून घेतलेल्या रॉबर्ट प्लांटच्या कॅसेटी. प्लांट हा लेड झेपलिन या ब्रिटिश रॉक बँडचा गायक, पण कॅसेटी लेड झेपलिनच्या नव्हेत. तो बँड थांबल्यावर प्लांटने स्वतःच्या नावावर जे केलं त्याच्या. हे सगळे अल्बम सीडीवर मिळतात, पण गिऱ्हाइकाला तसं सांगायचं नसतं. त्याला त्याचीच कॅसेट हवी असते.

इनलेचा, म्हणजे डबीतल्या नावाच्या कागदाचा, लगदा झाला होता, शाई धुऊन गेली होती. त्यात काकांनी कॅसेटी गच्चीवर कडक उन्हात वाळवलेल्या, त्यामुळे बऱ्याच जणींची कवचं वाकलेली.

भिजलेली कॅसेट 'वाजते का बघू' म्हणून डेकमध्ये घालू नये. नदीचा गाळ मैद्याइतका बारीक असतो. तो टेप आणि हेडच्या (टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागाच्या) मध्ये गेला की टेपवरचा चुंबकीय मसाला खरवडतो, आणि खरवडलेला आवाज परत येत नाही. आधी कवचाचे पाच स्क्रू काढायचे. कवच बिनस्क्रूचं, चिकटवलेलं असेल तर सांध्यात पातळ पातं घालून उकलायचं. टेपची दोन्ही चाकं तशीच उचलून डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवायची, पाणी गढूळ झालं की बदलायचं. नळाचं पाणी वाळलं की क्षार मागे ठेवतं. मग सावलीत, पंख्याखाली वाळवण. हेअर ड्रायर अजिबात नाही. काही जुन्या स्टुडिओ-टेपा चिकट होतात म्हणून मंद उष्णतेवर शेकतात. ते वाचून लोक कॅसेटही शेकायला बघतात. कॅसेटच्या टेपला सहसा तो रोग नसतो, उगाच नुकसान होतं.

वाळलेली टेप मऊ, धागे न सुटणाऱ्या कापडातून हाताने सावकाश गुंडाळायची आणि नव्या स्क्रूच्या कवचात बसवायची. जुन्या कवचातला प्रेशर पॅड, म्हणजे टेप हेडवर दाबून धरणारी पत्तीवरची छोटी गादी, वापरू नये. पाण्याने त्याचा गोंद सुटतो, पत्ती गंजते, पॅड निसटला की एकदम तार आवाज गायब होतो. घरी कॅसेट भरली त्या डेकचं हेड कुठल्या कोनात होतं हे कोणाला माहीत? म्हणून प्रत्येक बाजूला अझिमथचा (हेडचा कोन बदलणारा) स्क्रू किंचित फिरवून झांज सगळ्यात स्वच्छ ऐकू येईल तिथे थांबायचं. वेग सीडीशी सूर लावून जुळवला.

लेबलं नसल्यामुळे कुठली बाजू कुठल्या सालची हे ड्रमवरून ओळखलं. 1982 च्या 'पिक्चर्स ॲट इलेव्हन'मध्ये आठपैकी सहा गाण्यांत फिल कॉलिन्स आहे, उरलेल्या दोन्हींत कोझी पॉवेल. 1983 च्या 'द प्रिन्सिपल ऑफ मोमेंट्स'वरही कॉलिन्स, गिटारला दोन्हीकडे रॉबी ब्लंट. 1985 चा 'शेकन अँड स्टर्ड' सिंथेसायझरने भरलेला, ड्रमवर रिची हेवर्ड. मला तो अल्बम अंमळ कोरडा वाटतो, पण ओळखायला सगळ्यात सोपा.

खरी गंमत 1988 च्या 'नाऊ अँड झेन'ला आली. 'टॉल कूल वन' शेवटाकडे गेलं आणि काका खुर्चीतून उठलेच.

"अहो, खाली झेपलिन वाजतंय! ही कॅसेट मी आधी वापरलेली होती, तिच्यावरच पुन्हा भरलं. पुराच्या पाण्यानं वरचा थर धुतला आणि खालचं वर आलं बघा."

"काका, टेपला असे थर नसतात. नवीन भरलं की त्याच कणांची मांडणी बदलते."

जुनं रेकॉर्डिंग पुरतं न पुसलं जाणं हा प्रकार असतो, पण त्याची लक्षणं वेगळी. ते मंद येतं, बहुधा खर्जातलंच उरतं, आणि दोन गाण्यांमधल्या शांत पट्टीत हमखास सापडतं. ती पट्टी आवाज चढवून ऐकवली: नुसती टेपची सळसळ. दुसरी शक्यता, गुंडाळीतल्या शेजारच्या वेढ्याचा ठसा उमटण्याची. तो ठसा त्याच गाण्याचा असतो आणि दीड ते सव्वातीन सेकंद पुढेमागे ऐकू येतो. इथे तुकडे वेगळ्याच गाण्यांचे होते, पूर्ण आवाजात आणि अचूक तालावर.

ते तुकडे प्लांटनेच घातलेत. सप्टेंबर 1980 मध्ये झेपलिनचा ड्रमर जॉन बोनम गेला, डिसेंबरमध्ये बँड थांबला. 1983 च्या पहिल्या दौऱ्यात प्लांटने झेपलिनची गाणी गायलीच नाहीत. त्यानंतर बीस्टी बॉइज या अमेरिकन रॅप गटासारखे लोक 1986 मध्ये बोनमचे ठोके उचलून मोकळे झाले. मग 1988 ला प्लांटनेही आपलीच जुनी गाणी कापून नव्यात बसवली, वर त्या गाण्यावर गिटार वाजवायला झेपलिनचा खुद्द जिमी पेज. काकांनी इतकी वर्षं तो शेवट साध्या टेपरेकॉर्डरवर ऐकलेला. चांगल्या स्पीकरवर ते तुकडे सुटे झाले, एवढंच.

सफाईचं सॉफ्टवेअर मात्र जपून वापरलं. एलपीचे टिकटिक आवाज कॅसेटवर उतरलेलेच होते, पण ते काढायचा जोर वाढवला की 1985 च्या ड्रमची धारदार सुरुवातही कापली जाते. म्हणून त्या अल्बमवर टिकटिक हाताने, एकेक निवडून काढली. प्रत्येक बाजूच्या दोन फाइली दिल्या, दोन्ही 24 बिट, 96 किलोहर्ट्झ. एक साफ केलेली, दुसरी टेपवरून जशी उतरली तशी. पुढे कोणाकडे अधिक चांगलं सॉफ्टवेअर आलं तर कामाला ती दुसरी लागेल.