प्लेटवरचा गुलाबी रंग

धुळ्यातल्या आमच्या लॅबमध्ये ब्लड कल्चरच्या, म्हणजे रक्तातले जंतू उगवून बघायच्या, बाटल्या रोज येतात. त्यात उगवतात ते बहुतेक वेळा जिवाणूच. त्या मे महिन्यात मात्र शिंदखेडा तालुक्यातल्या एका सहा वर्षांच्या मुलाच्या बाटल्यांनी आमची झोप उडवली. त्याला एएलएल, म्हणजे रक्ताचा कॅन्सर. केमो मुंबईत चालू होती, दोन सायकलच्या मधे तो घरी आला होता. दंडात पिक लाइन, म्हणजे औषधं द्यायला शिरेत घालून ठेवलेली नळी. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, 500 च्याही खाली, आणि भारी अँटिबायोटिक देऊनही चार दिवस ताप हटत नव्हता. अशा मुलांत मग बुरशी धरूनच चालावं लागतं. बालरोगतज्ज्ञांनी कॅस्पोफंजिन हे बुरशीवरचं औषध सुरूही केलं होतं.

मशीनवर आधी पॉझिटिव्ह आली ती लाइनमधून घेतलेली बाटली, हातातून घेतलेली बऱ्याच तासांनी. हा फरक दोन तासांच्या वर गेला की संशय लाइनवरच जातो. ग्राम स्टेनमध्ये, म्हणजे रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्यावर, गोल, कळ्या फुटलेल्या यीस्ट (एकपेशीय बुरशी) पेशी दिसल्या. नेहमी आढळणारी यीस्ट, कॅन्डिडा असणार, असं सगळ्यांनीच धरलं. पण सॅबुरो अगारवर, म्हणजे बुरशी उगवायच्या प्लेटवर, वर आल्या त्या ओल्या, चकचकीत, पिकल्या पपईच्या गरासारख्या गुलाबी-केशरी कॉलन्या.

"मॅडम, हवेतलं पडलंय वाटतं," टेक्निशियन म्हणाला. त्याचं म्हणणं वावगं नव्हतं. अशी गुलाबी यीस्ट म्हणजे रोडोटोरुला, आणि ती माती, पाणी, हवा, न्हाणीघरातली ओल, कुठेही सापडते, आणि प्लेटवर चुकून उगवलेली म्हणून ती टाकूनही दिली जाते. पण दोन वेगळ्या जागांहून घेतलेल्या रक्तात तीच यीस्ट? युरिएज ही ओळख पटवायची चाचणी पॉझिटिव्ह आली तशी मी वॉर्डला फोन लावला. ही बुरशी कॅस्पोफंजिनला दाद देत नाही, फ्लुकोनॅझोल या बुरशीवरच्या दुसऱ्या औषधालाही नाही. ज्या औषधावर सगळ्यांची भिस्त होती, त्याचा त्या मुलाला काडीचा उपयोग नव्हता.

वॉर्डात गेले तर आई पदराने त्याला वारा घालत बसलेली. "ताई, मना पोऱ्याना ताप उतरस नही. आते काय करानं?" तिला नेमकं उत्तर देता येत होतं, याचं मला त्या क्षणी फार बळ वाटलं. औषध बदलायचं आणि लाइन काढायची. अशा कोवळ्या शिरा असलेल्या पोराची लाइन काढायला कुणाचाही हात धजत नाही, हे मी जाणते. पण बुरशी नळीच्या आत थर करून बसते आणि नळी आत असेपर्यंत रक्तात उतरत राहते.

लायपोसोमल अँफोटेरिसिन संध्याकाळी नाशिकहून आलं. लाइन त्याच रात्री निघाली. तिच्या टोकाच्या कल्चरमध्येही तीच गुलाबी यीस्ट उगवली. या औषधाने पोटॅशियम घसरतं, किडनीवर ताण येतो, म्हणून रोज त्याचं रक्त आमच्याकडे येत होतं. ताप हळूहळू उतरला, पुढची कल्चर निगेटिव्ह आली, तरी औषध त्यानंतर दोन आठवडे चालूच ठेवलं.

कपाशीची लागवड तोंडावर असताना बाप त्याला पुढच्या केमोसाठी मुंबईला घेऊन निघाला. आमचा रिपोर्ट फाइलमध्ये सगळ्यात वर लावायला मी बजावलं. पुन्हा कुठेही ताप आला, तर कुठलं औषध चालणार नाही हे तिथल्या डॉक्टरांना पहिल्याच तासात कळायला हवं.