गोठ्यातली बार्शी लाइट

बैल विकल्यावर गोठा चार वर्षं रिकामाच होता. आता तिथे बार्शी लाइटचं छोटं मॉडेल धावतं, १८९७ साली सुरू झालेल्या त्या नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांच्या रेल्वेचं. मूळ रुळांची रुंदी ७६२ मिलिमीटर. १:८७ प्रमाणात ती पावणेनऊच्या आसपास येते, म्हणून तयार मिळणारे ९ मिलिमीटरचे रूळ चालून गेले. गव्हाणीवरच प्लाय ठोकला. सारवलेली जमीन मात्र उकरून कोबा करावा लागला. धूळ चाकांवर बसली की इंजिन जागीच गचके खातं. खरे वैरी वरचे पत्रे. एप्रिलमध्ये रूळ तापून वाकले, तेव्हा कुठे सांध्यात फट ठेवायची अक्कल आली. आई अजून विचारते, "दावणीला काय बांधलंयस रे?" कुर्डुवाडी स्टेशन तूर्तास पुठ्ठ्याचंच आहे.