जुनी पिकअप घेतली आणि धावती ठेवली : माझा अनुभव

टोमॅटोच्या हंगामात भाड्याच्या गाडीची वाट बघत भरलेले क्रेट बांधावर पडून राहतात, हे जुन्नर तालुक्यात कुणाला वेगळं सांगायला नको. म्हणून स्वतःची गाडी घ्यायची ठरवली. नवीचा हप्ता झेपणारा नव्हता. जुन्यात बोलेरो पिकअप बघू लागलो, बीएस-४ (धुराच्या प्रदूषणाचा आधीचा निकष) इंजिनची, दीड टन माल न्यायची परवानगी असलेली. तिचे पार्ट तालुक्याला सहज मिळतात आणि तिच्यावर हात बसलेले मेस्त्री गावोगाव आहेत.

गाडी बघायला मी भल्या सकाळी जायचो आणि मालकाला आधीच सांगायचो, मी येईपर्यंत चालू करू नका. डिझेल इंजिन थंड असतानाच खरं बोलतं. सेल्फ किती वेळ मारावा लागतो, धूर कसला येतो, ते तेव्हाच कळतं. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल खातंय. काळा धूर एअर फिल्टर किंवा इंजेक्टरकडे बोट दाखवतो. गाडी तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल आणि कुलंट (इंजिन गार ठेवणारं रेडिएटरमधलं द्रव) कमी होत असेल, तर हेड गॅस्केटची, म्हणजे इंजिनचं डोकं आणि ब्लॉक यांच्यामधल्या पॅकिंगची, शंका घ्यायची. मग इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण उघडायचं. तिथून भसाभस वाफा आल्या की पिस्टन-रिंगा झिजल्यात असं समजून मी घरची वाट धरायचो. रंग आणि मीटरवरचा आकडा मी बघितलाच नाही. हौद्याखाली वाकून चेसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, मात्र हातातली बॅटरी लावून बघितलं. पाट्यांच्या (चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगांच्या) जागी वेल्डिंगचे डाग दिसले, तर त्या गाडीने बेसुमार माल ओढलाय.

कागदांचं काम सरळ होतं: गाडी नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, आधीच्या मालकाचं कर्ज होतं म्हणून बँकेची एनओसी आणि आरसीवरची कर्जाची नोंद काढायला फॉर्म ३५. मालवाहू गाडीचं पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी) आठ वर्षांनंतर दरवर्षी करावं लागतं, तो खर्च भाव ठरवतानाच धरावा.

गाडी घरी आली तेव्हा मेस्त्री म्हणाले, "दादा, रंगाचं नंतर बघू. आधी हिच्या पोटात पाणी किती आहे ते बघू." त्यांनी डिझेल फिल्टरखालचा स्क्रू सैल केला आणि कापलेली प्लॅस्टिकची बाटली खाली धरली. डिझेलपेक्षा पाणी जड, म्हणून तळाशी पाण्याचा थर वेगळा दिसत होता आणि त्यात काळपट गाळ फिरत होता. या इंजिनात डिझेल हजार बारच्याही (एक बार म्हणजे साधारण हवेचा दाब) वर दाबाने इंजेक्टरला जातं, आणि पंपाला वंगण मिळतं तेही त्या डिझेलचंच. पाणी गेलं की गंज धरतो, आणि इंजेक्टर गेले की हंगामाची कमाई गेली. तेव्हापासून पावसाळ्यात दर आठवड्याला मी ते पाणी काढतो, रात्री टाकी रिकामी ठेवत नाही, आणि कॅनमधलं डिझेल अजिबात भरत नाही.

रेडिएटरमधून निघालं ते विटकरी पाणी. आधी कुणीतरी बोअरचं पाणी ओतत आलं होतं. त्या क्षाराने नळ्या आतून चोंदतात. सगळं धुऊन कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरलं, होस बदलले. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत कुलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) काढून टाकायचा सल्ला आपल्याकडे सर्रास देतात. मी तो ऐकला नाही. इंजिन पुरेसं गरम झालं नाही तर डिझेलही जास्त जातं आणि झीजही वाढते. तापण्याचं कारण शोधावं.

आमच्याकडे शेतरस्त्यांवर फुफाटा असतो. एअर फिल्टर मी आतून बाहेर, कमी दाबाच्या हवेने साफ करतो. जोरात हवा मारली की कागद फाटतो आणि धूळ थेट टर्बोत, म्हणजे इंजिनात दाबून हवा भरणाऱ्या पंख्यात, जाते. ऑइल आणि ऑइल फिल्टर आठ हजार किलोमीटरला बदलतो. मालाची गाडी धुळीत चालते, तिला लांबची मुदत मानवत नाही. क्रॉस (चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याचा सांधा) आणि पाट्यांच्या पिनांना ग्रीस वेळेवर द्यायचं, मागच्या एक्सलच्या हाऊसिंगचं ऑइल बघायचं.

माळशेज उतरताना न्यूट्रल नाही. खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडी धरतं आणि ब्रेकचे ड्रम तापत नाहीत. परतीला घाट चढून चहाला थांबलो, तरी चावी लगेच फिरवत नाही. मिनिट-दोन मिनिटं इंजिन नुसतं चालू ठेवतो, म्हणजे तापलेल्या टर्बोला ऑइल मिळत राहतं.

भरलेला क्रेट बावीस किलोच्या आसपास धरला, तर दीड टनात सत्तरही बसत नाहीत. हंगाम तेजीत असला की "अजून वीस टाका" म्हणणारे भेटतातच. त्यांना मी दुसरी गाडी बघायला सांगतो. पाटे, क्लच प्लेट, टायर, ब्रेक यांचं आयुष्य त्या वीस क्रेटांत जातं, आणि घाटात जिवाशी खेळ होतो तो वेगळाच.

यंदा पासिंगच्या आधी पाट्यांचे बुश आणि मागचे ब्रेक लायनर बदलायचे आहेत. मेस्त्रींना सांगून ठेवलंय.