पट्ट्याची कड

कंबरेचा पट्टा घेताना लोक बकल बघतात, रंग बघतात आणि हळूच नाकाशीही नेतात. वासाचं फारसं खरं नसतं, तो नंतरही चढवता येतो. मी आपली कापलेली कड बघते. चामडं असेल तर तिथे तंतूंची दाट गुंतवळ दिसते. आत विणलेलं कापड आणि वर गुळगुळीत पापुद्रा असेल, तर ते पॉलियुरेथेन किंवा पीव्हीसी, म्हणजे प्लॅस्टिकच. चामड्याचा चुरा चिकटवून केलेला पट्टा असेल तर कड भुसभुशीत, पुठ्ठ्यासारखी. कडेला जाड रंग फासला असेल तर बकलाची भोकं बघायची. तिथपर्यंत सहसा कुणी रंग नेत नाही!

युरोपीय संघाने १९९४ मध्ये पादत्राणांसाठी खुणांचा नियमच केला. बुटावर पसरलेल्या कातड्याचं चित्र असेल तर चामडं, त्या चित्रात टोकावर उभा चौकोन असेल तर वर थर चढवलेलं चामडं आणि नुसताच चौकोन असेल तर आणखी काहीतरी. या ‘आणखी काहीतरी’मध्ये आता फार गर्दी झाली आहे.

तिथे प्लॅस्टिक तर आहेच. कपाटात जपून ठेवलेली पर्स दोन-चार वर्षांनी काढावी तर हाताला काळे पोपडे लागतात. वापरलीच नव्हती, मग झिजली कशी? ती झिजत नाही. हवेतला दमटपणा पॉलियुरेथेनची रासायनिक साखळी तोडत राहतो, पर्स खांद्यावर असो की कपाटात.

हल्ली झाडापाल्याची मंडळीही आली आहेत. अननसाच्या पानांच्या तंतूंपासून केलेलं पिन्याटेक्स, २०१९ मध्ये मेक्सिकोतून आलेलं निवडुंगाचं डेसर्टो, सफरचंदाच्या चोथ्याचं कापड. कल्पना मला मनापासून आवडतात. अननस काढल्यावर उरलेल्या पानांचं सोनं करणं हे डोकं चालवल्याशिवाय होत नाही. पण यातल्या बहुतेकांवर टिकण्यासाठी राळेचा थर असतो किंवा आतच पॉलियुरेथेन मिसळलेलं असतं. टॅगवर निवडुंग असतो, त्याचा हा सोबती नसतो. बुरशीच्या तंतुजालापासून केलेल्या मायलोचा बराच गाजावाजा झाला होता. २०२३ मध्ये पैशांअभावी त्याचं उत्पादन थांबलं.

म्हणून चामडं सोवळं ठरतं असं नाही. जगातलं बहुतेक चामडं क्रोमियमच्या क्षारांनी कमावलं जातं. काम दिवसभरात उरकतं, कातडं निळसर होतं आणि सांडपाणी नीट शुद्ध केलं नाही तर नदीची वाट लागते. बाभळीची साल, हिरडा यांनी कमावायचं तर आठवडे, कधी महिने लागतात, आणि तेवढी सवड कुणाला आहे? शिवाय गुरांचा मिथेन आहे, कुरणांसाठी तोडलेली जंगलं आहेत. मांसाबरोबर कातडं आपोआप येतंच, हा युक्तिवाद मला अर्धाच पटतो. कातड्याचे पैसे मिळतात तेव्हा तेही त्या धंद्यालाच हातभार लावतात.

तरी वीस वर्षं चालणारी चामड्याची बॅग आणि दर तीन वर्षांनी पोपडे धरणारी ‘प्राणिमुक्त’ बॅग समोर ठेवली, तर मी पहिली उचलीन. पण तीन वर्षांची की वीस वर्षांची, हे विकणारा कधी सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. टॅगवर हिरवं पान छापायला जागा असते, टक्केवारीला नसते. ‘साठ टक्के सुती, चाळीस टक्के पॉलिस्टर’ असं सांगायची सवय शर्टांना कधीचीच लागली आहे. पर्सांना कधी लागते ते बघू.