बरं झाल्यावर पुन्हा पॉझिटिव्ह

२०२० मध्ये दक्षिण कोरियात कोरोनाच्या रुग्णाला सोडण्याआधी २४ तासांच्या अंतराने दोन आरटी-पीसीआर चाचण्या करत. दोन्ही निगेटिव्ह आल्या तरच सुट्टी. देगू शहरात मी दोन्ही पार करून घरी आले आणि एप्रिलमध्ये पुन्हा पॉझिटिव्ह निघाले.

ताप नाही, खोकला नाही, भूक व्यवस्थित. तरी परत विलगीकरण, आणि माझ्या खोलीतल्या मैत्रिणीलाही १४ दिवस कोंडून घ्यावं लागलं. माझ्यामुळे तिला काही झालं तर, या विचाराने झोप उडाली होती. आईचा रोज फोन, "अगं, परत कसा झाला?" तेव्हा इथल्या डॉक्टरांकडेही पक्कं उत्तर नव्हतं.

विषाणू शरीरात दबा धरून बसतो, अशा अफवा तोवर पसरल्या होत्या. कोरियाच्या रोग नियंत्रण केंद्राने मात्र माग काढला, आणि याबद्दल मला या देशाविषयी मनापासून आदर आहे. पुन्हा पॉझिटिव्ह आलेल्या ४४७ पैकी २८५ जणांची चौकशी झाली, त्यांच्या संपर्कातल्या ७९० जणांवर लक्ष ठेवलं गेलं. केवळ या संपर्कातून लागण झाली, असं एकही प्रकरण सापडलं नाही. १०८ जणांच्या नमुन्यांतून प्रयोगशाळेत विषाणू वाढवून पाहिला. एकातही तो वाढला नाही.

कारण आरटी-पीसीआर चाचणी विषाणू जिवंत आहे का, हे सांगतच नाही. त्याच्या आरएनएचा, म्हणजे जनुकीय द्रव्याचा, एखादा तुकडा असला, तरी त्याच्या असंख्य प्रती करून ती तो दाखवते. आजार गेल्यावरही नाका-घशातल्या मेलेल्या पेशी कित्येक आठवडे झडत राहतात आणि त्यांच्यासोबत हे अवशेषही. ते इतके थोडे असतात, की आज सापडतील, उद्या नाही. म्हणूनच मधे निगेटिव्ह येऊन गेलं. (खरोखर दुसऱ्यांदा लागण होणं ही वेगळी गोष्ट. जनुकीय क्रम तपासून सिद्ध झालेलं तिचं पहिलं उदाहरण हाँगकाँगचं, ऑगस्ट २०२० मधलं.)

तिकडे भारतात बरे होऊन आलेल्यांनाही शेजारी दार उघडत नव्हते, हे ऐकून फार वाईट वाटायचं. १९ मेपासून इथला नियम बदलला: पुन्हा पॉझिटिव्ह आलेल्यांना विलगीकरण नाही, कामावर जायला नव्या चाचणीची अट नाही. तरी विद्यापीठातल्या आमच्या विभागाने निगेटिव्ह अहवाल मागितलाच. मी केंद्राचं पत्रक छापून प्राध्यापकांना दिलं. त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं आणि सोमवारपासून ये म्हणाले.